बोर्डिंगच्या आठवणी आणि कोठीची वही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेले काही आठवडे माजी विद्यार्थ्यांच्या बोर्डिंगच्या आठवणी येत आहेत. मी सगळ्या वाचल्या, काहींची कात्रणंही काढून ठेवली. त्यांतला रुळाच्या तुकड्यावरचा पहाटेचा टोल, कुलूप लावलेली पत्र्याची पेटी, कंदिलाच्या काचा राखेनं पुसायची पाळी, हे सगळं माझंही आहे. पण एकामागून एक वाचत गेलो तसं काहीतरी खटकायला लागलं. प्रत्येक लेखक फिरून फिरून "त्या बोर्डिंगनं आम्हाला घडवलं" इथंच येतो, आणि प्रत्येक लेखक चांगल्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला आहे. कुणी मुख्याध्यापक, कुणी कार्यकारी अभियंता, कुणी बँकेत शाखाधिकारी. मीही त्यांतलाच. सहकार खात्यात लेखापरीक्षक होतो, आयुष्यभर विकास सोसायट्या आणि पतसंस्थांची दप्तरं तपासली. त्या सवयीनं सांगतो, नुसती जमेची बाजू लिहिलेलं दप्तर समोर आलं की ऑडिटर आधी चष्मा पुसतो.

माझं बोर्डिंग माण तालुक्यातलं. १९६९ च्या जूनमध्ये पाचवीला गेलो आणि १९७५ च्या मार्चमध्ये दहावीच्या पहिल्याच तुकडीत परीक्षेला बसून बाहेर पडलो. संस्थेचं नाव लिहीत नाही. मला कुणा एका संस्थेशी भांडायचं नाही, आणि तशी बोर्डिंगं तेव्हा सातारा, सांगली, सोलापूर, नगर, कुठंही होती. एक लांब दगडी खोली, वर मंगलोरी कौलं, दोन्ही भिंतींना पेट्यांची रांग आणि मध्ये अंथरलेल्या वाकळा. मागं स्वयंपाकाची पत्र्याची शेड, शेडला लागून कोठी.

शाळेची फी गरीब घरच्या पोरांसाठीच्या ई.बी.सी.च्या सवलतीत माफ व्हायची. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला जोडला की काम झालं. प्रश्न होता खाण्याचा, आणि तो शिध्यानं सुटायचा. पोरामागं महिन्याला पाच पायल्या (पायली म्हणजे साडेतीन-चार किलोचं माप) ज्वारी नाहीतर बाजरी, वर शेरभर डाळ किंवा हुलगे-मटकी, आणि मीठ-मिरचीला थोडे रोख पैसे. वडील लोक पोतं बैलगाडीत घालून आणायचे, एसटीच्या टपावर टाकून आणायचे, जवळच्या गावचे डोक्यावरच आणायचे. कोठीच्या दारात पायलीनं माप व्हायचं. पहिल्या मापाला "एक" म्हणायचं नाही, "लाभ" म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार, पाच. वजनाचा काटा कोपऱ्यात उभा असायचा, सरकारनं किलो आणून कितीतरी वर्षं झाली होती, पण कुणाच्याही बापाचा विश्वास पायलीवरच. भांडण व्हायचं ते शिगेवरून. पायली शीग लावून भरायची की हात फिरवून सपाट करायची? कोठीला शीग हवी असायची आणि बापाला सपाट. पाच शिगा म्हणजे घरातल्या माणसाचं दोन वेळचं जेवण, हे दोघांनाही ठाऊक असायचं.

आमच्या घरी शिधा आधी बाजूला निघायचा आणि उरलेल्यात घर चालायचं. माझी थोरली बहीण चौथीत शाळेतून काढलेली. दुसऱ्याच्या रानात खुरपणी-काढणीला जाऊन ती मजुरीची ज्वारी आणायची, आणि त्यातली काही माझ्या पोत्यात पडायची. कोठीच्या वहीत मात्र आवक माझ्या नावावर. आपल्या पुरवणीत "वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलं" असं चौघांनी लिहिलं आहे. बहिणीचं कुणीच लिहिलेलं नाही. त्या चौघांना बहिणी नव्हत्या असं मला वाटत नाही.

बोर्डिंगात पोरांचं मंत्रिमंडळ असायचं. सफाईमंत्री, आरोग्यमंत्री, भोजनमंत्री. आरोग्यमंत्र्याचं मुख्य काम खरूज झालेल्या पोरांना गंधक आणि करंजाचं तेल चोपडणं. माझं अक्षर बरं, म्हणून आठवीत कोठीची वही माझ्याकडं आली. लाल कापडी पाठीची लांबट वही. आवक, जावक, शिल्लक असे रकाने. रोज संध्याकाळी कोठीतून किती पीठ निघालं, किती डाळ निघाली ते लिहायचं आणि रेक्टर सरांची सही घ्यायची. पोरं ऐंशीच्या आसपास. सकाळी दोन भाकरी, रात्री दोन. आमटी अशी की ताटलीत बघून भांग पाडावा. म्हणजे दिवसाला तीनशेच्या वर भाकऱ्या, आणि थापायला बाया दोनच.

या दोघींबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण आतापर्यंत छापलेल्या एकाही आठवणीत भाकरी कुणी थापली ते आलेलं नाही. भाकरी कशी कडक असायची ते आलं आहे, आमटी पातळ असायची ते आलं आहे.

आम्ही एकीला थोरल्या मावशी म्हणायचो आणि दुसरीला धाकट्या. दोघी विधवा, दोघी त्याच गावच्या. आमचा टोल साडेचारला व्हायचा, तेव्हा शेडमधून धूर निघायला लागून तास होऊन गेलेला असायचा. जळण म्हणजे तुरीच्या काटक्या, पावसाळ्यात ओली बाभळ. ओल्या बाभळीच्या धुरानं थोरल्या मावशींचे डोळे कायम लाल. काटवटीपुढं दोन पाय पसरून बसायच्या आणि उठायच्या ते शंभर-दीडशे भाकऱ्या झाल्यावरच. गिरणीचं इंजिन बंद पडलं की जातं ओढायला आम्हा पोरांच्या पाळ्या लागत. दोघं दोघं बसून तासाभरात आमचे हात भरून यायचे. आमचं पीठ जाडंभरडं निघायचं, त्या न बोलता पुन्हा दळून घ्यायच्या.

धाकट्या मावशींचा मुलगा आमच्याच बोर्डिंगात, माझ्या पुढच्या वर्गात होता. त्याचा शिधा माफ, तो आईच्या मजुरीत धरलेला. पंगतीत त्या वाढायला आल्या की तोही आमच्यासारखाच "मावशी, आमटी" म्हणायचा. तसा नियम कुणी केलेला नव्हता. त्याला वाढताना पळी जास्त बुडते का, हे ऐंशी पोरं बघत असायची, ते त्या दोघांनाही कळत होतं. मी तर त्याला त्याच्या आईच्या हातून सगळ्यात पातळ आमटी मिळताना पाहिली आहे.

आणि माझ्याच अक्षरातली वही काय सांगायची? महिन्याच्या शेवटी मजुरीच्या रकान्यात "स्वयंपाक, बाई १" आणि "स्वयंपाक, बाई २". पुढं रक्कम, त्यापुढं अंगठा. नाव नाही. आधीच्या वर्षांच्या वह्यांतही तसंच होतं, ती पद्धतच होती. खडूच्या डब्यांची नोंद दुकानदाराच्या नावासकट असायची.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या सातारच्या बोर्डिंगची गोष्ट आपल्याकडं सगळ्यांना पाठ असते. १९२४ साली अण्णांनी ते साताऱ्यात सुरू केलं, १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं, धनिणीच्या बागेत सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवू लागली. आणि कोठी रिकामी पडली तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. त्या माउलीपुढं माझंही डोकं झुकतं. १९३० साली त्या गेल्या. पण बोर्डिंगच्या चुलीपाशी बसलेली एवढी एकच बाई आपल्याला नावानं माहीत असावी, हे काही बरं नाही. अण्णांच्या वाटेनं नंतर गावोगाव बोर्डिंगं निघाली. त्या सगळ्या ठिकाणच्या चुली आपोआप पेटल्या नव्हत्या.

आता दुष्काळाकडं येतो. बहात्तरचा दुष्काळ आठवणींमध्ये भरपूर आला आहे. लाल मिलो आला, त्याच्या भाकरीचा वास आला, "तरी आम्ही शिकलो" हेही आलं. मिलोबद्दल सगळे म्हणतात ते खरं आहे. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी, तिला चिकटपणा नाही; भाकरी काटवटीतून तव्यावर जाईपर्यंत दोनदा तुटायची आणि गार झाली की खापरी व्हायची. पण मी त्या वर्षी वही लिहीत होतो, त्यामुळं माझी आठवण भाकरीपेक्षा रकान्यांची जास्त आहे.

माणदेशात पाऊस त्याआधीच दोन वर्षं हात आखडून होता. बहात्तरला शाळू पेरायलाच मिळाला नाही. वहीत ते असं दिसायचं: श्रावणात पाच पायल्यांच्या जागी चार, दसऱ्याला तीन, दिवाळीची सुट्टी संपवून पोरं आली ती कुणी दोन पायल्या घेऊन, कुणी फडक्यात बांधलेले शेर-दोन शेर हुलगे घेऊन. काही पोतं हलवत आली, काही रिकाम्या हातानं. कोठीपुढचं शिगेचं भांडण बंद झालं. नियम होता की दोन महिने शिधा थकला तर बोर्डिंगातून नाव कमी करायचं. रेक्टर सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोनाचे तीन महिने केले, रेशनच्या मिलोसाठी तहसील कचेरीच्या खेपा घातल्या, स्वतःच्या घरचं धान्यही एकदा कोठीत आणून टाकलं, ते मीच आवकेत धरलं. तरी कोठीत असेल तेवढंच वाटता येणार होतं. मग नावं कमी व्हायला लागली. हजेरीत नावावर लाल रेघ, पुढं "ना. क." आणि तारीख. दिवाळी ते होळी सोळा पोरं गेली.

ती घरी जाऊन बसली नाहीत. दुष्काळी कामांवर गेली. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्त्याची खडी. आईनं मोठा दगड फोडायचा, पोरानं बारीक करायचा, आणि ब्रासच्या मापावर मजुरी. थोड्याच वर्षांत रोजगार हमीचा कायदा झाला आणि महाराष्ट्राचं देशभर नाव झालं, ते व्हायलाच हवं होतं. त्या कामांवर माझ्या वर्गातली पाच पोरं होती. पुढच्या जूनला सोळांतली तीन परत आली. बाकीच्यांपैकी काही मेंढरामागं गेली, काही चुलत्या-मामाचा पत्ता घेऊन मुंबईला गेली आणि मशीद बंदरात पाठीवर पोती घ्यायला लागली.

आमचा माजी विद्यार्थ्यांचा मोबाइलवर ग्रुप आहे, दर वर्षी मेळावा होतो. सभासद होताना एक अर्ज भरावा लागतो आणि त्यात रकाना आहे: "उत्तीर्ण झाल्याचे वर्ष". त्या सोळांतल्या ज्यांना हे वर्ष नाही ते या रकान्यापाशीच अडतात. अर्जाचा नमुना तयार करणाऱ्यानं काही दुष्टपणानं केलेलं नाही. त्याच्या डोक्यातच आलं नसेल.

यांतला एक मला म्हसवडला भेटला, मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाला. मीच ओळखलं, कानामागच्या जुन्या व्रणावरून. वर्गात पाढे म्हणायला उभा केला की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी न अडखळता म्हणणारा हा गडी. आम्ही अभ्यासाला त्याच्याभोवती बसायचो. माघात त्याचं नाव कमी झालं. पुढं तीस-बत्तीस वर्षं मुंबईत माथाडी, आता गावाकडं चार शेरडं घेऊन असतो. रस्त्याकडेला चहा घेताना मी मेळाव्याचं सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या दोन पायल्या अजून बोर्डिंगकडं हायत."

मला आधी थट्टा वाटली. ती अर्धीच थट्टा होती. माघात त्याचा बाप कुठून तरी दोन पायल्या घेऊन आला, त्या मापून कोठीत पडल्या, आणि आठवडाभरात मागची थकबाकी म्हणून नाव कमी झालं. पोरगं गेलं, पायल्या राहिल्या. "आबा मरंपत्तोर म्हणत हुता, निदान त्या तरी दिल्या असत्या तर त्या महिन्याला निभावलं असतं." मी सरकारी ऑडिटर. ही सरळसरळ संस्थेची देणे बाकी आहे आणि पन्नास वर्षांच्या कुठल्याही ताळेबंदात ती दिसत नाही.

मग मी त्याला विचारलं, बोर्डिंगचं काय आठवतं. त्याला सगळं आठवत होतं. कुणाची पेटी कुठं, कुणाची वाकळ कसल्या लुगड्याची, रात्री कोण कण्हायचं, विहिरीच्या कितव्या पायरीवर शेवाळ. आमच्या ग्रुपवर रोज सुप्रभातची फुलं टाकणाऱ्यांना यातलं निम्मंही आठवणार नाही. नंतर तो म्हणाला ते आपल्या पुरवणीतल्या कुणालाही रुचणार नाही. "खरं सांगू का, खडीवर गेलो तवा पयल्यांदा पोट भरलं. सुकडी मिळायची. बोर्डिंग सुटल्याचं वाईट वाटायला लई दिवस लागलं." वाईट वाटलं ते मुंबईत, पहिल्यांदा घरी पत्र लिहायला बसला तेव्हा, जोडाक्षरं हातातून जायला लागली होती.

मेळाव्याला ये म्हटलं तर म्हणाला, "येतो की. पर कोण म्हणून येऊ?"

उपाशी राहून माणूस घडतो, असा सूर आठवणींतून इतका लागतो की वाचणाऱ्याला वाटावं, पोटभर जेवलेली पोरं वाया जात असतील. मी उपाशी राहिलो आणि घडलो, हे दोन्ही खरं. पहिल्यामुळं दुसरं झालं याचा पुरावा माझ्याकडं नाही. छडीचंही तसंच. एका गृहस्थांनी लिहिलं आहे की निरगुडीच्या फोकामुळं त्यांचं इंग्रजी पक्कं झालं. तसलाच फोक मीही पुष्कळ खाल्ला आहे, माझं इंग्रजी अजून कच्चंच आहे.

आणि पाचवी-सहावीतली ती लहान पोरं. दहा-अकरा वर्षांचं वय, आई सोडून पहिल्यांदाच लांब. रात्री वाकळेत तोंड खुपसून रडायची, त्यांतली काही अंथरूण ओलं करायची. ओली वाकळ सकाळी कुंपणावर वाळत पडायची आणि प्रार्थनेला उभं राहिलं की ती बरोबर समोर दिसायची. कुणाची आहे ते सगळ्यांना ठाऊक. थोरली पोरं त्या पोराकडून आपले कपडे धुऊन घ्यायची, नाहीतर वर्गात सांगतो म्हणायची. हे मी पाहिलेलं आहे, आणि आज आठवणी लिहिणाऱ्या वयाच्या प्रत्येक बोर्डरनं पाहिलेलं आहे. ते का येत नाही? लाज त्या पोरांनी कशाला बाळगायची?

तिसरं वाक्य म्हणजे "बोर्डिंगात आम्हाला जात कधी कळलीच नाही". आमच्याकडंही एक पंगत, एक विहीर, एक पिण्याचा रांजण होता, आणि त्या काळात तालुक्याच्या गावीही ही साधी गोष्ट नव्हती, हे मी आधी मान्य करतो. माझ्या शेजारची पेटी बौद्ध वस्तीतल्या मुलाची. आम्ही एकाच कंदिलावर अभ्यास केला, एकाच गंधकाच्या डब्यातलं मलम लावलं. सातवीत दिवाळीच्या सुट्टीत तो एकदा आमच्या घरी आला. आजीनं त्याला वळचणीला खोचलेल्या कपात चहा दिला. त्यानं चहा घेतला, रांजणाजवळ न जाता मला पाणी घालायला सांगितलं, कप विसळला आणि पुन्हा वळचणीत होता तसा खोचून ठेवला. कप कुठं ठेवायचा ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तो पुढं महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाला. मेळाव्याला दर वर्षी येतो, मागच्या रांगेत बसतो. आठवण सांगा म्हटलं की विहिरीत सूर मारल्याची सांगतो, आणि लोक टाळ्या वाजवतात.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, या माणसाला बोर्डिंगचा राग आहे. तसं नाही. बोर्डिंग नसतं तर मी आज मेंढरामागं असतो, हे मला कळतं. १९७१ च्या डिसेंबरात रेक्टर सरांच्या ट्रान्झिस्टरभोवती घोंगडी पांघरून ऐकलेल्या युद्धाच्या बातम्या, परीक्षेच्या दिवसांत गॅसबत्तीखाली गोल बसून केलेला अभ्यास, रानातला हुरडा (मालकाच्या परवानगीनं आणि बहुतेक वेळा परवानगीशिवाय), हे माझ्याही वाट्याला आलं. संस्कृतचे सर रजेवर असताना गावच्या शिंप्यानं येऊन आम्हाला बटण लावायला शिकवलं, ते आजही उपयोगी पडतं. या आठवणी इतर लोक माझ्यापेक्षा चांगल्या लिहीत आहेत, म्हणून मी लिहीत नाही.

पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्यांच्या नावानं महाराष्ट्रात बोर्डिंग हा शब्द उच्चारला जातो ते कर्मवीर स्वतः बोर्डिंगात राहिले होते, आणि त्यांची ती आठवण कसली आहे? कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात जातवार बोर्डिंगं निघाली. १९०१ चं मराठा बोर्डिंग, त्यानंतर जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क. भाऊराव जैन बोर्डिंगात होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला गेले म्हणून परत आल्यावर त्यांना अंघोळ करायला सांगितलं. त्यांनी नकार दिला. त्यांना बोर्डिंगातून काढून टाकलं गेलं. म्हणजे आपल्या आजच्या भाषेत त्यांचंही "ना. क." झालेलं. पुढं त्यांनी जे बोर्डिंग काढलं त्यात एक पंगत का असावी, हे त्यांना सुखाच्या आठवणींनी शिकवलेलं नाही. त्या वेळी माजी विद्यार्थ्यांची पुरवणी निघाली असती तर अण्णांचा मजकूर तिच्यात घेतला गेला असता का, याचा मी विचार करतो.

तेव्हा माझी विनंती अशी. ही मालिका बंद करू नका, पण पुढच्या रविवारी एक चौकट छापा: ज्यांचं बोर्डिंग मध्येच सुटलं, पळून गेले, काढले गेले, त्यांनी लिहावं, लिहिता येत नसेल तर नातवाला सांगावं, आवाज मोबाइलवर भरून पाठवावा. बोर्डिंगात स्वयंपाक केलेल्या बाया आता फारशा उरल्या नसतील. त्यांच्या लेकीसुना आहेत. आमच्या धाकट्या मावशींचा तो मुलगा पोलिस खात्यातून निवृत्त होऊन फलटणला असतो. मी फोन केला तेव्हा आईबद्दल तासभर बोलला, आणि या तासाभरात एकदाही तिला मावशी म्हणाला नाही. तो लिहायला तयार आहे.

दुसरं, वह्या. शाळेचं जनरल रजिस्टर कायम जपलं जातं, त्याला हात लावायची कुणाची हिंमत नाही. कोठीच्या वह्या, शिध्याची रजिस्टरं, बोर्डिंगची हजेरी मात्र जुनी इमारत पाडताना किलोवर रद्दीत जातात. कुठल्या गावानं कुठल्या साली किती धान्य देऊन किती पोरं शिकवली, ते त्यांच्याशिवाय दुसरीकडं कुठंही लिहिलेलं नाही. सातारा जिल्ह्यात कुणाकडं असं दप्तर असेल तर मी स्वखर्चानं येऊन त्याची यादी करून देईन, फोटो काढून देईन. वाळवी लागलेलं असलं तरी चालेल, तसल्या दप्तरांची सवय आहे. आमच्या बोर्डिंगच्या बहात्तर-त्र्याहत्तरच्या वहीचा मी शोध घेतो आहे. सापडली तर माघ महिन्याच्या पानावर दोन पायल्यांची नोंद तपासायची आहे आणि आमच्या माजी विद्यार्थी संघाच्या पुढच्या सभेत ती देणे बाकी म्हणून मांडायची आहे. आजच्या भावानं सात-आठ किलो ज्वारीचे किती होतात ते मी काढून ठेवलं आहे. उत्तीर्ण वर्षाचा रकाना काढून "बोर्डिंगात राहिल्याची वर्षे" असा करावा, हा ठरावही त्याच सभेला देणार आहे. अनुमोदक मिळाला आहे.

पत्र लांबलं, याची जाणीव आहे. जागेअभावी कापायचं झालं तर माझं कोल्हापूर-सातारा कापा, छडीचं कापा. दोन बायांचा आणि दोन पायल्यांचा मजकूर मात्र तसाच ठेवावा. माझं नाव व पत्ता सोबतच्या चिठ्ठीत आहे, तो छापू नये. कुणी दप्तराची चौकशी केली तर जरूर द्यावा.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त लेखापरीक्षक, सातारा